बर्फाखालचा घास

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलेल्या आयांनी तिकडची दुकानं, रस्ते, स्वच्छता यांवर लिहावं असा रिवाज आहे. मी लिहिणार आहे गुरांच्या वैरणीवर! हसू नका मैत्रिणींनो. जिचा जन्म शेणामुतात आणि धारा काढण्यात गेला, ती विमानात बसली म्हणून बदलते थोडीच?

माझी लेक मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिसला राहते. अमेरिकेच्या पार उत्तरेला, कॅनडाला लागून असलेलं हे राज्य. मी २०१८च्या नोव्हेंबरात गेले, डिसेंबरात नातू झाला. बाळंतपणाची गडबड ओसरत नाही तोवर थंडीनं असा काही जोर धरला की विचारू नका. ३० जानेवारी २०१९ची ती सकाळ माझ्या कायमची लक्षात राहिली. उणे ३३ अंश सेल्सियस! शाळा बंद, आणि टपालसुद्धा वाटलं नाही त्या दिवशी. खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी धरलेली. मी नातवाला मांडीवर घेऊन शेकत होते आणि बाहेरच्या पांढऱ्या माळाकडे बघत होते. तोंडातून निघून गेलं, ‘‘अगं, इथली गुरं काय खात असतील?’’

लेक हसली. ‘‘आई, तुला ना गोठ्याशिवाय काही सुचत नाही.’’

पण जावई माणूस मोठा चौकस. त्यांच्या ऑफिसातल्या एक बाई शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यांच्या मामांकडे दुधाचा धंदा. जावयांनी माझा प्रश्न त्यांना सांगितला, तर दुसऱ्या आठवड्यात त्या बाळ बघायला आल्या त्या बाळासाठी लोकरीची टोपी आणि माझ्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर वाळलेला चारा घेऊन! मी पिशवी उघडून वास घेतला मात्र, आणि डोळेच भरून आले. तीन-तीन पानं, बारीक काड्या, वाळूनही हिरवटपणा राहिलेला, आणि तो गोडसर वास.

हा तर आपला घास!

घास म्हणजे आपला लसूणघास. कुणी मेथीघास म्हणतं, कुणी विलायती गवत. आमच्या संगमनेर भागात नुसतं ‘घास’ म्हटलं की दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. तिकडे त्याला अल्फाल्फा म्हणतात. मेथीच्याच गोतातलं, द्विदल कुळातलं पीक. मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र धरून देतात, म्हणून वाळलेल्या चाऱ्यात शेकडा १८-२० टक्क्यांपर्यंत प्रथिनं भरतात. ज्वारीच्या कडब्यात याच्या निम्मीसुद्धा नसतात. गाईला दोन पेंढ्या घास जास्त पडला की संध्याकाळच्या धारेला चरवीच सांगते.

माझा आणि घासाचा संबंध मात्र वाईट दिवसापासून सुरू झाला. १९८४ साली लग्न होऊन आले. माहेरी कोरडवाहू शेती, घास कधी पाहिलेला नाही. सासरी दहा गुंठे घास, दोन गाई. नवी नवरी आपली हौशीनं पहाटे उठली, दवात भिजलेला कोवळा लुसलुशीत घास भाराभर कापला आणि उपाशीपोटी बांधलेल्या गाभण गाईपुढे टाकला. तिनं मिटक्या मारत खाल्ला. सूर्य वर येईस्तोवर तिची डावी भकाळी ढोलासारखी फुगली. गोडेतेल पाजलं, चालवली, डॉक्टरांना सायकलवरून माणूस धाडला. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. पोटात वासरू होतं हो तिच्या.

मी दोन दिवस जेवले नाही. आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) आता काय काय बोलणार, माहेरी धाडणार, असं मनात. त्या आल्या, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, ‘‘घास कापून उन्हात सुकवायचा, आधी कडबा टाकायचा, मग घास. हे मी तुला सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं.’’ बस्स. पुढं वर्षभरात त्यांनी तो दहा गुंठ्यांचा तुकडा आणि दुधाचं पुस्तक दोन्ही माझ्या हवाली केलं. दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार माझ्या हातात. लेकीचं इंजिनीअरिंग त्या दहा गुंठ्यांवर झालं, हे मी कुणालाही छातीठोक सांगते.

तर त्या बाईंनी वास घेताना माझे डोळे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘तुम्हाला आमच्या ग्रिमची गोष्ट माहीत आहे का?’’

वेंडेलिन ग्रिम हा जर्मनीतल्या बाडेन प्रांतातला शेतकरी. १८५७मध्ये बायको-मुलांना घेऊन मिनेसोटात आला, कार्व्हर परगण्यात थोडी जमीन घेतली. सामानात एका पेटीत सात-आठ किलो घासाचं बी. गावाकडे त्याला ते लोक ‘कायमचा क्लोव्हर’ म्हणत, एकदा पेरला की वर्षानुवर्षं चालणारा म्हणून. परदेशी निघालेल्या माणसानं पेटीत काय भरावं? यानं वैरणीचं बी भरलं! मला तर तिथंच तो आपल्यातला वाटला.

१८५८च्या वसंतात त्यानं ते पेरलं. उन्हाळ्यात छान वाढलं आणि पहिल्याच हिवाळ्यात बरंचसं मरून गेलं. मरणारच! जर्मनीतली थंडी आणि ही थंडी यांत जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, जाऊ दे, इथं हे पीक होत नाही. यानं काय केलं, की जी रोपं जगली होती त्यांना फुलू दिलं, त्यांच्या शेंगा धरल्या, बी काढलं आणि तेच पुन्हा पेरलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली, काही जगली. पुन्हा जगलेल्यांचं बी. असं एक-दोन नाही, वर्षांमागून वर्षं. शेजाऱ्यांची जनावरं वसंतात हाडं निघालेली असायची, तेव्हा याची गुटगुटीत. लोक विचारायचे, मका किती घालतोस रे? मक्याचा दाणाही घालत नव्हता तो, नुसता घास.

आणि यातलं त्याला स्वतःला काहीच मोठं वाटत नव्हतं. १८९०मध्ये तो वारला. त्यानंतर जवळच्या एक्सेलसियर गावच्या आर्थर लायमन नावाच्या माणसानं ही गोष्ट मिनेसोटा विद्यापीठाच्या विलेट हेज या प्राध्यापकांच्या कानावर घातली. १९००च्या सुमारास विद्यापीठानं हे बी तपासायला घेतलं आणि शास्त्रज्ञ थक्क झाले. उत्तर अमेरिकेतली थंडीला टिकणारी घासाची पहिली जात एका साध्या शेतकऱ्यानं आपल्या वावरात तयार करून ठेवली होती! ‘ग्रिम अल्फाल्फा’ हे नाव मग सगळीकडे झालं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड राज्यांत दूधधंद्याचा पाया त्या चाऱ्यानं भक्कम केला. पुढं १९४०नंतर एका जिवाणूजन्य मर रोगापुढं ही जात टिकेना, तेव्हा नव्या जाती आल्या. पण कितीतरी नव्या जातींच्या वंशावळीत ग्रिमचं रक्त आहे.

जावयांनी मग मला त्यातलं शास्त्र समजावलं. ग्रिमच्या घासाला सगळी फुलं आपल्यासारखी जांभळी येत नसत. काही हिरवट, काही पिवळट. कारण त्याच्या बियाण्यात पिवळ्या फुलांच्या घासाचा अंश होता. तो अंश थंडी सोसणारा. म्हणजे गुण बियात आधीपासून थोडासा लपलेला होता आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यानं बाकीचं निवडून टाकलं. अशी जात शरद ऋतूत दिवस लहान व्हायला लागले की वरची वाढ आवरती घेते, साखर आणि पिष्ट मुळात आणि बुडख्यात साठवते आणि झोपी जाते. आपला घास नेमका उलटा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आर.एल.-८८ घ्या, की गुजरातेतली आनंद-२. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, पन्नास-साठ दिवसांनी पहिली कापणी, मग दर पंचवीस-तीस दिवसांनी. थंडीत तर जास्तच तरारतो. त्यांना झोप ठाऊकच नाही. (अगदी आपल्या बायकांसारख्या!) तिकडे वर्षाकाठी तीन-चार कापण्या, की मग सहा महिने बर्फाखाली.

हे सगळं मी ऐकत होते आणि माझं अर्धं मन घरी होतं. कारण त्या वर्षी, म्हणजे २०१८ला, आपल्याकडे पावसानं दगा दिला होता. रोज रात्री फोन. ‘‘विहिरीनं तळ गाठला. मोटार अर्धा ताससुद्धा चालत नाही,’’ हे सांगत. जिल्ह्यात चारा छावण्या सुरू झालेल्या. आमच्या चार गाई. घासाला महिनाभर पाणी नाही. इकडे खिडकीबाहेर हात-हात बर्फ पडतंय, तिथल्या शहरात इतका बर्फाचा फेब्रुवारी पूर्वी कधी नोंदलेला नव्हता, आणि तिकडे आमच्या वावराला भेगा. देवाचं वाटप असं का, असं मी त्या पांढऱ्या ढिगाकडे बघून कितीदा म्हटलं असेल.

एप्रिलच्या अखेरीस बर्फ वितळला, तेव्हा जावयांनी आम्हाला सगळ्यांना गाडीत घातलं आणि कार्व्हर पार्क नावाच्या राखीव उद्यानात ग्रिमची वस्ती दाखवायला नेलं. पिवळसर विटांचं साधं घर. त्याच्या स्मरणार्थ १९२४मध्ये बसवलेली शिळा, आणि १९७४पासून ही जागा राष्ट्रीय वारशाच्या यादीत. चाऱ्याचं स्मारक! मी हात जोडले. लेकीला जरा संकोच वाटला, पण मला नाही. फक्त एक मनात आलं. शिळेवर त्याचं नाव आहे ते रास्तच. पण दर वर्षी ते बी पाखडून, वाळवून, उंदरापासून जपून कोपऱ्यात कुणी ठेवलं असेल? आत्याबाई घासाचा एक वाफा बियाला राखायच्या, शेंगा हातानं चोळायच्या आणि बी राख घालून गाडग्यात ठेवायच्या. आमच्या घराण्यात त्यांच्या नावाची शिळा नाही.

तिथून त्या बाईंच्या मामांच्या शेतावर गेलो. सत्तरीचे आजोबा, टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. दीडशे गाई होत्या, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पडलेला. हातात कुदळ घेऊन घासाच्या वावरात फिरत होते. मला म्हणाले, बघा. चौरस फुटाची लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची, आतली रोपं मोजायची. मग एक उपटायचं आणि मूळ चाकूनं उभं चिरायचं. आत पांढरं, कडक असेल तर जिवंत. पिवळं-तपकिरी, दोरीसारखं सुटलेलं असेल तर गेलं.

त्यांनी चिरलेली सात मुळं मी मोजली. पाच मेलेली.

उतारावरचा घास वाचला होता. सखल भागात पाणी साचून त्याचा बर्फाचा पत्रा झाला, त्याखाली मुळं गुदमरली. त्या सालात त्या भागातल्या पुष्कळ शेतकऱ्यांचा घास असाच गेला होता. मी विचारलं, ‘‘पण जात तर थंडीला टिकणारी ना?’’ जावयांनी सांगितलं तसं ते खिन्न हसले. म्हणाले, जात चांगली आहे, मी चुकलो. चारा कमी होता म्हणून ऑक्टोबरात एक कापणी जास्तीची घेतली. थंडी धरण्याआधीचे पाच-सहा आठवडे घासाला हात लावायचा नसतो, कारण तेवढ्यातच तो मुळात अन्न साठवतो. कापला की साठवलेलं खर्च करून पुन्हा फुटायला बघतो आणि रिकाम्या पोटी हिवाळ्यात शिरतो.

माझ्या अंगावर काटा आला. कारण आदल्याच रात्री हे फोनवर म्हणाले होते, ‘‘उद्या गाई घासात सोडून देतो. पाणी नाही, घास तसाही मेला. निदान बुडखे तरी खातील.’’ आणि मी ‘बरं’ म्हटलं होतं.

मी तिथूनच, त्या वावरात उभं राहून, जावयांच्या फोनवरून घरी फोन लावला. इकडे तेव्हा मध्यरात्र. हे दचकून उठले, त्यांना वाटलं बाळाला काही झालं.

‘‘गाई सोडल्या का घासात?’’

‘‘नाही अजून. सकाळी सोडणार.’’

‘‘सोडू नका. बुडख्याला धक्का लावू नका. घासाचं मूळ पुरुषभर खोल जातं, वरनं वाळला तरी खाली जीव असतो. गाईंनी बुडखे ओरबाडले तर काही राहणार नाही.’’

क्षणभर काही बोलले नाहीत. मग आवाज चढला. ‘‘गाई उपाशी उभ्या आहेत आणि तू अमेरिकेतनं मुळं जपायला सांगतेस?’’

काय चुकीचं होतं त्यांचं? रोज सकाळी त्या चार तोंडांपुढं रिकाम्या हातानं ते उभे राहत होते, मी नाही. मी म्हटलं, ‘‘दोन छावणीत धाडा. एक माझ्या भावाकडे. आणि गौरी...’’ पुढं बोलवेना. गौरी माझी पहिल्या वेताची, घरच्या कालवडीची गाय झालेली. ‘‘गौरीचं गिऱ्हाईक बघा.’’

तीन दिवसांनी गौरी गेली. निम्म्या किमतीला. दुष्काळात गाय विकणाऱ्याला किंमत कोण देतो? यांनी घासाभोवती बाभळीच्या काट्या लावल्या आणि मग आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी परत आले. घासाचा तुकडा बघवत नव्हता. करड्या काड्या आणि भेगा. मी त्या आजोबांचं बघून आलेली, कोपऱ्यातलं एक बुडखं खणलं आणि विळ्यानं मूळ चिरलं. पांढरं! दुसरं चिरलं, तपकिरी. तिसरं तपकिरी. चौथं पांढरं. पुढं चिरायचं धाडस झालं नाही, तसंच मातीनं झाकून ठेवलं.

पाऊस त्या वर्षी लांबला, पण आला. पंधरा दिवसांत बांधालगतच्या वाफ्यांत फुटवे दिसायला लागले. दहा गुंठ्यांतला तीन-साडेतीन गुंठ्यांतला घास जगला. बाकीचा गेला तो गेलाच. हे बांधावर येऊन उभे राहिले, खाली वाकून एक फुटवा बोटांत धरला आणि म्हणाले, ‘‘गौरी असती तर...’’ मी काही उत्तर दिलं नाही. तेही पुढं काही म्हणाले नाहीत.

हिवाळ्यात जगलेल्यातला दोन गुंठे घास मी बियाला राखला. फेब्रुवारीनंतर कापला नाही, फुलू दिला. जांभळ्या फुलांवर मधमाश्या आल्या. मधे अमरवेलीचे पिवळे दोरे दिसले तेवढे मुळासकट उपटून बांधाबाहेर जाळले. ते बियात मिसळलं तर पुढचं सगळंच वाया. आत्याबाईंसारख्या शेंगा चोळल्या. साडेतीन किलो बी निघालं. आता यानं काही दुष्काळाला टिकणारी नवी जात तयार होत नाही, एवढं मला कळतं. आमची राहुरीची मंडळी वर्षानुवर्षं निवड करतात तेव्हा कुठं एक जात बाहेर येते, आणि ग्रिमला तर सारा जन्म लागला. पण विकतचं नवं बी आणायला माझं मन होईना.

२०२०च्या नोव्हेंबरात ते बी शेजारच्या तुकड्यात पेरलं. जुन्या घासाच्या जागी लगेच घास पेरू नये, जुन्या घासातून उतरलेल्या द्रव्यामुळं कोवळी रोपं उभी राहत नाहीत. हेही आजोबांनीच सांगितलं होतं; त्यांनी मेलेल्या वावरात मका केला. दहा गुंठ्यांना अडीच किलो बी पुरलं, रायझोबियमचं संवर्धन चोळून. वाफ्यात ओळीनं, दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. उरलेलं किलोभर गाडग्यात राखेत ठेवलं.

गौरी दोन कोस लांबच्या गावी आहे. बाजारच्या दिवशी तिची मालकीण मला भेटते. विशीतली पोर, नुकतीच लग्न होऊन आलेली. परवा तिनं विचारलं, ‘‘काकू, गौरी तुमच्याकडे काय खायची हो? आमच्याकडं नुसता कडबा, दूध वाढत नाही.’’ तिच्याकडे विहिरीजवळ गुंठाभर जागा मोकळी आहे म्हणाली. पाव किलो बी पुडीत बांधून दिलं, गुंठ्याला पुरतं. आणि पहाटेचा ओला घास उपाशीपोटी टाकायचा नाही, आधी कडबा, मग सुकवलेला घास, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.